फुली नसलेले दिवस

वेलाने तारीख सांगितली. ती गावासमोर वाचून दाखवताना डॉ. त्रिशला मगदूमच्या आवाजात जो तोरा होता, तो पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःच्याच कानांत ऐकू येत राहिला.

"नागपंचमीच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "त्या दिवशी मर रोग मळ्यात शिरला."

पानमळ्याच्या दाराशी पंधराएक माणसे उभी होती. सगळ्यांच्या चपला बांधापाशी ओळीने काढलेल्या. पानमळा म्हणजे देऊळ, तिथे पायताण चालत नाही, हे कोडगहट्टीच्या पोरांना बोलता येण्याआधी कळते. मिरजेच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या उंबरठ्यावरचे हे गाव पिढ्यानपिढ्या विड्याच्या पानावर जगलेले. खुडणीची यंत्रे आली आणि पाने फाडून परत गेली. अजूनही खुडणाऱ्या बायाच अंगठ्याला पत्र्याची नखी लावून पान देठासकट अलगद तोडतात. आज त्या बायाही काम नसल्याने बाजूला उभ्या होत्या. आत शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल पिवळे पडून माना टाकून लोंबत होते. मुळे कुजल्याचा आंबूस वास दारापर्यंत येत होता.

त्रिशलाला वाटले होते, लोक आता विचारतील की त्या दिवशी पाणी कुठून आले, खत कुणी आणले, बाहेरगावचे कोण आले. कुणीच काही विचारले नाही. पुरुषांच्या चेहऱ्यांवर हिशेब चालू असल्याची कळा आली आणि मग चंपाआत्या, आप्पांची थोरली बहीण, पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आदल्या दिवशी? त्या दिवशी तर प्रणिता बाजूला हुती."

प्रणिता ही त्रिशलाच्या धाकट्या भावाची, सुदर्शनची बायको. ती चहाचे पेले गोळा करत होती. तिचे हात तिथेच थांबले.

आप्पांनी, म्हणजे भूपाल मगदूमांनी, सुनेकडे पाहिले. रागावून नव्हे, आप्पा रागावत नसत, नुसते विचारत, आणि तेच जास्त जड जाई. "मळ्यात गेलतीस का त्या दिवशी?"

प्रणिताला खोटे बोलता येत नसे. तिने एकदाच, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, त्रिशलाकडे पाहिले.

"गेलते," ती म्हणाली.

"कशाला?"

प्रणिता पुन्हा पेले गोळा करू लागली. आणि नेमकी तेव्हाच त्रिशलाच्या हातातल्या वाचनयंत्रावर दुसरी ओळ उमटली. त्रिशलाने ती वाचली, आणि यंत्र छातीशी उलटे धरले. ऊन पडद्यावर पडू नये म्हणून धरावे तसे.

त्या यंत्राबद्दल थोडे सांगायला हवे.

पानवेलाला फूल-बी जवळजवळ नसतेच. वेलाचा तुकडा कापायचा, लावायचा, त्याचा वेल झाला की पुन्हा तुकडा. मळ्यात हजारो वेल दिसले तरी देह एकच. म्हणून एकाला मारणारा रोग सगळ्यांना मारतो. आणि म्हणूनच त्रिशलाने बदललेल्या वेलाला शेतात लावण्याची परवानगीही लवकर मिळाली. त्याचे परागकण उडून शेजारच्या शिवारात जायची भीती नव्हती. तिने वेलाच्या डीएनएमध्ये एक कोरी पट्टी घातली होती. झाडाला स्वतःचे घड्याळ असते. पहाटेच्या उजेडाची चाहूल त्याला आपल्याआधी लागते. त्या चाहुलीला बांधलेले एक विकर, म्हणजे एन्झाइम, रोज पहाटे पट्टीवरचे एक अक्षर बदलते. गवळ्याने भिंतीवर दुधाच्या हिशेबाची रेघ ओढावी तसे, एका पहाटेला एक रेघ. मुळांना मर रोगाच्या बुरशीचा स्पर्श झाला की धोक्याचा निरोप वेलाच्या शेंड्यापर्यंत जातो, आणि दुसरे विकर त्या दिवसाच्या रेघेजवळ फुली मारते. शेंड्यातल्या पेशींतूनच पुढचा सगळा वेल वाढत असल्यामुळे प्रत्येक नवे पान तो सारा इतिहास अंगात घेऊनच उमलते. शेंड्याचे पान चुरून यंत्रात घालायचे, रेघा मोजायच्या, फुली कुठे आहे ते बघायचे.

फुल्याही एकसारख्या नव्हत्या. बुरशीच्या ठाऊक असलेल्या जातींना प्रत्येकी वेगळी फुली तिने नेमून दिली होती. ती कोणती हे वाचायला यंत्राला जरा उशीर लागे, एवढेच.

वर्तमानपत्रांनी याला स्मरणवेल असे नाव दिले. टीव्हीवर त्रिशला म्हणाली होती, "माणूस खोटे बोलेल, वेल बोलणार नाही." लोकांना ते फार आवडले.

तिला हे सुचले कशावरून, ते मात्र तिने टीव्हीवर सांगितले नव्हते. ती शाळेत असताना मगदूमांचा मळा असाच एका पावसाळ्यात मेला होता. तेव्हा बोट तिच्या आईकडे गेले. आई विटाळात मळ्यावरून गेली, तिची सावली पडली, असे कुणीतरी बोलले आणि तेच कायम झाले. आईने भांडण केले नाही. त्यानंतर मरेपर्यंत तिने मळ्यात पाऊल टाकले नाही. दाराबाहेरच्या एका दगडावर बसून ती पाने निवडायची. त्या दगडाला घरात अजूनही आईचा दगड म्हणत. त्रिशलाने तिथे उभे राहून ठरवले होते की एक दिवस वेलालाच बोलते करायचे.

वेल बोलला होता. यंत्राच्या दुसऱ्या ओळीत लिहिले होते: आसाम जात.

आसामची ती बुरशी महाराष्ट्रात कुठेच नव्हती. होती ती एकाच जागी, पुण्याच्या संशोधन केंद्रातल्या त्रिशलाच्या काचघरात, कुलूपबंद कुंड्यांमध्ये.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती काचघरातूनच निघाली होती. सकाळी कुंड्यांपाशी गुडघे टेकून काम केले, गाडीत बसली, आणि माहेरी पोहोचल्यावर घरात पाणीसुद्धा न पिता आधी मळ्याकडे गेली. बूट बाहेर काढले. त्याबाबतीत ती पक्की होती. भाषणांत ती नेहमी सांगे की पायताणाचा नियम म्हणजे आपल्या पूर्वजांचे शास्त्र आहे, चिखलातून बीजाणू जातात. आणि विटाळाचा नियम म्हणजे नुसते अज्ञान. अनवाणी पायांनी ती आत गेली, आणि गुडघ्यांना बांधलेल्या गाद्या तशाच ठेवून ओल्या वाफ्यात टेकली.

मऊ, निळ्या, काचघरातल्या ओल्या मातीने माखलेल्या गाद्या. वारंवार गुडघे टेकावे लागतात म्हणून ती त्या सवयीने बांधत असे, इतक्या सवयीने की त्या अंगावर आहेत हेही ध्यानात राहू नये. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. श्रावणाच्या पाण्यात त्या बुरशीचे बीजाणू पोहतात. त्यांना एवढेच हवे होते.

आणि हेही तिला आठवले, नको असताना आठवले. भुरभुर पाऊस होता. ती घेत असलेल्या पानांच्या नमुन्यांवर छत्री धरायला कुणीतरी हवे होते. दाराबाहेर प्रणिता नणंदेसाठी चहा घेऊन उभी होती.

"ये ना आत," त्रिशलाने हाक मारली होती.

"अक्का, मी बाजूला हाय."

"मीसुद्धा आहे," त्रिशला हसली होती. "काही होत नाही गं. ये."

प्रणिताने चप्पल काढली, दाराशी क्षणभर थांबली, आणि मोठ्या माणसाने दिलेला हात धरावा तशी आत आली. छत्री धरून उभी असताना तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि थोडा आनंदही होता. त्रिशलाला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आईची परतफेड केल्यासारखा.

दुपारी तिने केंद्रावर फोन लावला. संचालक डॉ. सबनीस शांतपणे ऐकत राहिले. शांत माणूस होता तो. शांतपणाचा त्यांना आयुष्यभर फायदा झाला होता.

"जात कुणी पाहिली?" त्यांनी विचारले.

"मीच. यंत्रावर."

"आणि तारीख लोकांना सांगितलीस?"

"सांगितली."

"मग तारखेवर थांब की. स्थानिक बुरशी, जास्त पाऊस. काचघरातली बाहेर गेली असे आपण लिहिले, तर स्मरणवेल उद्या बंद होईल. तुझा एकटीचा नाही, सगळ्यांचा. विचार कर, त्रिशला. पुढे किती मळे वाचणार आहेत त्याने."

तिने विचार केला, आणि खेदाची गोष्ट अशी की विचार फार झपाट्याने सुचत गेले. सबनीसांचे म्हणणे खरेच होते. शिवाय आपण कबूल केले तर दोघीही त्या दिवशी पाळीत होतो हे बाहेर येईल, आणि गाव म्हणेल, एकीची नव्हे, दोघींची सावली. म्हणजे विटाळाला पुरावाच मिळाला. म्हणजे गप्प राहणे हेच शास्त्राच्या भल्याचे. मळ्याला नुकसानभरपाई आपण वेगळ्या वाटेने मिळवून देऊ. प्रणिताचे काय, चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील. शिकलेल्या माणसाची हीच तर सोय असते. भित्रेपणालाही तो चांगले कपडे घालून बाहेर काढतो. ती मूग गिळून बसली.

लोक विसरले नाहीत. संध्याकाळी पान उत्पादक मंडळाचे अध्यक्ष बाळगोंडा पाटील मगदूमांच्या ओसरीवर आले. गोरे, गुबगुबीत, सगळ्यांशी गोड बोलणारे गृहस्थ. गावात आणखी चार मळ्यांत स्मरणवेल लावलेला होता, त्यातला एक त्यांचा.

"त्रिशलाताई, तुमच्या यंत्रानं डोळं उघडलं बघा आमचं," ते म्हणाले. "आमचे वाडवडील सांगायचे, आम्हाला वाटायचं, आपलं काहीतरी. आता वेलच तारीख सांगतोय म्हटल्यावर काय राहिलं? मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. परत्येक घरानं आपापल्या बायकांच्या तारखा आगाऊ कळवायच्या. खुडणीवाल्या बायांच्या पण. म्हंजे वेलानं फुली मारली की लगेच ताळा बघता येईल."

त्रिशलाने फोन हातात घेतला. "तारखा? बायकांच्या?"

"शास्त्रीय पद्धतीनं करायचं की सगळं," बाळगोंडा म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत."

फोनवर तो ग्रुप तिलाही दिसत होता. पहिल्या दोन घरांनी तारखा टाकल्याही होत्या. सुना, लेकी, एका घरातली सातवीतली मुलगी. नावापुढे अंक. गवळ्याच्या भिंतीवरच्या रेघांसारखे. आईकडे बोट दाखवणाऱ्यांजवळ निदान यंत्र नव्हते, असे तिच्या मनात आले, आणि ते यंत्र आपण आणून दिले.

तिने बोलायला तोंड उघडले होते, पण आतून आप्पा आले आणि म्हणाले, "मळा परवा मोडायचा. सगळा जाळून टाकावा लागंल." आणि सुदर्शनकडे न बघता पुढे म्हणाले, "मग प्रणितानं माहेरी जाऊन ऱ्हावं. दिवाळीपतोर. गाव गप होईल."

सुदर्शन खाली बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. बापासमोर बोलायची सवय नव्हती, एवढेच. आणि एवढ्याने पुष्कळ वाईट करता येते.

मळा मोडायच्या दिवशी सकाळी प्रणिता बॅग भरत होती. दाराशी विजेची रिक्षा येऊन उभी होती. त्रिशला खोलीत गेली. काहीतरी धीराचे बोलावे म्हणून गेली होती.

"अक्का, एक इचारू?" प्रणिता साडीची घडी घालता घालता म्हणाली. "यंत्र खोटं बोलत न्हाई न्हवं?"

"नाही."

"तेच म्हटलं. तुम्ही टीव्हीवर सांगितलंतं. मी सगळ्यांना दाखवलं हुतं." घडी नीट बसेना, तिने ती पुन्हा उलगडली. "म्हंजे माझ्यामुळंच झालं की ते. मला वाटलं हुतं, नुसतं म्हणत्यात. पण वेलानंच सांगितलं म्हटल्यावर..."

त्रिशलाचा समज असा होता, की प्रणिता आपल्याला वाचवायला मनाचा मोठेपणा करून गप्प राहिली आहे. त्या समजुतीत एक ऊब होती; दोघींमधले गुपित असल्यासारखी. ही बाई तर खरोखरच मानत होती की तिने मळा मारला.

"मीपण होते ना तुझ्याबरोबर," त्रिशला कशीबशी म्हणाली. "मीपण बाजूला होते त्या दिवशी."

"तुमचं येगळं हाय, अक्का. तुम्ही शिकल्यात. तुमचं लागत नसंल." तिने बॅगेची चेन ओढली. "म्हणून तुमचं नाव घेतलं न्हाई मी. उगा तुमच्या यंत्राला बट्टा लागायचा. आप्पा एकदा एकटं बसून रडत हुतं मळ्यात, मी बघितलं. त्यांना सांगा, मी मुद्दाम न्हाई केलं."

त्रिशलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हे शब्द आपण उठल्याबसल्या वापरतो. तिला ते त्या सकाळी अंगावर कळले. समोरची बाई बॅग उचलून शेजारून जाताना "येते अक्का" म्हणाली तेव्हा तिला वर बघता आले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, इतकेच असते तर एक वेळ चालले असते. इथे संन्याशाला आपणच चोर असल्याचे पटवून दिले होते, आणि तेही शास्त्राच्या तोंडून.

तिने गाडीच्या डिकीतून त्या निळ्या गाद्या काढल्या. वाळलेला चिखल अजून तसाच होता. एका पिशवीत त्या घट्ट बांधून ती रिक्षाच्या पुढे चालत मळ्याकडे निघाली. रिक्षावाल्याला म्हणाली, "मळ्यावरून घ्या. जरा थांबावे लागेल."

मळ्याच्या दाराशी सगळे जमले होते. मळा मोडताना पहिला वेल घरच्या कर्त्याने हाताने उपटायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा, अशी रीत. आप्पा धोतर खोचून उभे होते. बाळगोंडा होते, खुडणाऱ्या बाया होत्या, चंपाआत्या होती.

"आप्पा, थांबा," त्रिशला म्हणाली. "रोग मी आणला."

तिने पिशवी बांधावर ठेवली. काचघरातली कुंडी, आसामची बुरशी, गाद्यांचा चिखल, यंत्राची दुसरी ओळ, ती वाचून पडदा छातीशी धरला तो क्षण, सबनीसांचा फोन, सगळे तिने सांगितले. टीव्हीवर बोलायची तसे नव्हे. शब्द अडखळत होते आणि एकदा तर वाक्य अर्ध्यातच तुटले. लोक ऐकत होते. रिक्षात प्रणिता ऐकत होती.

बाळगोंडा पाटलांनी मान डोलावली. "ते बुरशीचं बरोबर असंल ताई. पण प्रणिता आत गेलती त्याचं काय?"

"मीच हाक मारली. ती नको म्हणत होती." बापासमोर, भावासमोर, गावच्या पुरुषांसमोर हे शब्द तिने आयुष्यात कधी उच्चारले नव्हते, आणि इतकी भाषणे देणाऱ्या बाईचीही जीभ जड झाली. "आणि त्या दिवशी मलाही पाळी आलेली होती."

बाळगोंडा हळूच म्हणाले, "म्हंजे दोघी."

तिला जे भय होते ते अगदी तिच्याच शब्दांत समोर आले. हात दाखवून अवलक्षण. क्षणभर तिला वाटले, आपण गप्प राहिलो असतो तर बरे झाले असते. आणि मग तिला तिचेच यंत्र आठवले, आणि आपण त्यात आजवर काय वाचले नाही तेही आठवले.

"पाटीलकाका, हा वेल लावून तीन वर्षे झाली," ती म्हणाली. "रोज पहाटेची रेघ त्याच्यात आहे. त्या सगळ्या रेघांत फुली एकच. बाकीचे सारे दिवस मोकळे आहेत. मी नेहमी फुल्याच शोधत आले. फुली नाही तो दिवससुद्धा वेलाची साक्षच आहे, हे मला सुचले नाही. गेल्या दोन पंचम्यांना मी याच मळ्यात आले होते. दोन्ही वेळा पाळीत होते. मुद्दाम आत गेले होते, कुणाला न सांगता. वेलाला काही झाले नाही." ती खुडणाऱ्या बायांकडे वळली. "आणि या तीन वर्षांत दर महिन्याला खुडणी झाली. तुमच्यातली एकही जण त्या दिवसांत आत आली नाही का?"

बायांनी जमिनीकडे पाहिले. आपण यांनाही उघड्यावर आणतो आहोत, हे त्रिशलाला उशिरा कळले, आणि तिची मान आणखी खाली गेली.

मग त्यांतली एक जण पदर खोचत, कुणाकडे न बघता म्हणाली, "काम बुडवून कोण बसतंय घरात? येतच हुतो की आम्ही. सांगत कोण बसतंय." दुसरीने तिला कोपराने ढोसले, पण नाही म्हणाली नाही.

"ते बघू, मंडळात घेऊ इषय," बाळगोंडा म्हणाले. त्यांनी बांधावरची आपली चप्पल शोधली, पायात घातली आणि निघून गेले. त्यांच्या मागोमाग आणखी तिघेचौघे गेले. ग्रुपवरच्या तारखा काही लगेच पुसल्या जाणार नव्हत्या. आणि आता स्मरणवेल टिकेल की नाही हेही कुणाला माहीत नव्हते. त्रिशलाने सबनीसांना मळ्याकडे येतानाच कळवले होते की ती बुरशीची जात लिहिणार आहे. त्यांनी शांतपणे फोन ठेवला होता.

सुदर्शन रिक्षापाशी गेला आणि बॅगेला हात घातला. प्रणिताने ती सोडली नाही.

आप्पा एवढा वेळ पिशवीतल्या गाद्यांकडे बघत होते. आता ते त्रिशलाकडे वळले, आणि त्यांचा आवाज तिला ओळखू आला नाही.

"त्रिशले, तुझ्या आईच्या वक्ताचा वेल. त्याला इचारता येतं का गं?"

"नाही आप्पा. त्या वेलाला लिहिता येत नव्हतं."

"बरं झालं," आप्पा म्हणाले.

आप्पांनी धोतराचा खोचा सोडला, पुन्हा खोचला.

"त्या साली वेलाचं बेणं मी आणलतं," ते म्हणाले. "तेरदाळच्या एका दोस्ताकडनं. महिन्याभरात त्याचा मळा गेला, मग आपला. मला तवाच उमगलं हुतं. लोक तुझ्या आईचं नाव घ्यायला लागले, आणि मी... मला सोपं झालं ते."

चंपाआत्याने पदर डोळ्यांना लावला. त्रिशलाला रडू आले नाही. इतकी वर्षे तिला वाटत होते की आपण आईवर गेलो. आईसारखे सोसायचे नाही म्हणून शिकलो, पण गेलो आईवरच. ती कुणावर गेली होती ते आता तिच्यासमोर धोतर खोचून उभे होते. तिला बापाचा राग यायला हवा होता, आणि तो येईना, कारण त्याचा शब्द न् शब्द तिच्या ओळखीचा होता.

आप्पा दारापर्यंत गेले. आत पाय टाकायच्या आधी थांबले, मागे फिरले, आणि बाहेरच्या त्या दगडावर जाऊन बसले. त्या दगडावर आईनंतर कुणी बसलेले त्रिशलाने पाहिले नव्हते.

"प्रणिता," त्यांनी हाक मारली. "पहिला वेल तू उपट."

"आप्पा, मी कशी? कर्त्यानं..."

"मी आत जात न्हाई," आप्पा म्हणाले. "इटाळ माझा हाय."

प्रणिता रिक्षातून उतरली. बॅग तिने सीटवरच ठेवली. जायचे की राहायचे, हे ती नंतर ठरवणार होती. तिने चप्पल काढली, बांधापाशी ओळीत नीट लावली आणि आत गेली. त्रिशला तिच्यामागे गेली नाही. ती बापाच्या शेजारी, दाराबाहेर, मातीत बसली.